आप्पांच्या पायाचा खुलासा

साहेब, चूक तुमची, आणि खुलासा मागता माझ्याकडे!

आरोग्य खात्यातून तुमचं पत्र मिळालं. 'आपण शासकीय वैद्यकीय उपकरण विनापरवाना हाताळून रुग्ण व त्याचे नातेवाईक यांच्यात घबराट निर्माण केली, याबाबत लेखी खुलासा करावा.' खाली गोल शिक्का, शिक्क्यावर सही आणि सहीवर चहाच्या कपाचा आणखी एक गोल. एवढे गोल एका कागदावर बघून मलाच गरगरलं! मी सातवी पास माणूस. पुढचं लिहिणं-वाचणं कारखान्याच्या नोटीस बोर्डावर आणि भजी बांधून आलेल्या कागदांवर शिकलो. पण लिहायला बसलो की समोर कोण आहे ते बघत नाही. म्हणून हा खुलासा तुम्हाला एकट्याला पाठवत नाही, चार लोकांपुढे ठेवतो. वाचकहो, तुम्हीच वाचा आणि सांगा.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. घाबरलो असं समजू नका! नाव लिहिलं तर साहेब त्या एकाच दवाखान्याला रंग काढतील आणि प्रकरण मिटलं म्हणतील. सिल्वासाच्या आसपासचा एक सरकारी दवाखाना, एवढं पुरे.

आता माझी ओळख. मी वाल्मिक, मूळचा पारोळ्याकडचा. नरोलीत भाड्याची खोली, बायको सरिता, आणि यार्नच्या कारखान्यात मेंटेनन्स फिटरची नोकरी. एक गोष्ट छाती ठोकून सांगतो: बेअरिंगचा आवाज ओळखण्यात या अख्ख्या पट्ट्यात माझा हात धरणारा कुणी नाही! लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगच्या टोपीवर रोवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि अंगाचा सगळा भार टाकून दाबायचं. जेवढं दाबाल तेवढं स्वच्छ ऐकू येतं. खर्रर्र आलं की गोळी फुटली. किर्रर्र आलं की ग्रीस संपलं. काहीच आलं नाही तर मशीन बंद आहे, आणि तुम्ही मूर्ख आहात. पुण्याच्या इंजिनिअरसाहेबांनी एकदा जपानी मीटर आणलं होतं. दोन तास त्याच्या काट्याकडे बघून शेवटी म्हणाले, "वाल्मिकला बोलवा."

असा कान! या कानानेच घात केला.

चिंधा आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. अथालच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात गेटवर वॉचमन. ते आणि चिमाबाई काकू आमच्याच चाळीत राहतात, भिंतीला भिंत लागून. आप्पांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर ट्रकचा फाळका पडला. जखम झाली. हळद झाली, चुना झाला, कोण्या सुपरवायझरने सांगितलेलं बॅटरीतलं काळं झालं, आणि तीन महिने झाले तरी जखम तिथेच! वर चाळीस वर्षांची विडी. पाय सुजून दुधी भोपळ्यासारखा झाला.

शेवटी त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे दर गुरुवारी वापीहून एक तरुण सर्जन येतात. आम्ही त्यांना गुरुवारचे डॉक्टरच म्हणतो. माणूस चांगला. त्यांनी आप्पांच्या पावलावर, घोट्यामागे, सगळीकडे बोटं ठेवून पाहिलं.

"सूज फार आहे. बोटांना नाडी लागत नाही," ते म्हणाले. "रक्त खाली पोचतंय की नाही ते कळायला हवं. पोचत असेल तर जखम भरेल."

"आणि नसेल तर?" मी विचारलं.

"तर मोठ्या हॉस्पिटलला पाठवावं लागेल. काय ठेवायचं आणि काय काढायचं ते तिथे ठरेल."

आप्पांनी पाय हळूच टेबलाखाली ओढून घेतला. जणू डॉक्टर आत्ताच मागतायत!

डॉक्टर नर्सबाईंकडे वळले. रोहिणी सिस्टर मूळच्या नाशिकच्या, बोलायला तिखट आणि कामाला दोन माणसांएवढ्या. "सिस्टर, हातातला डॉप्लर आला होता ना आपल्याकडे?"

सिस्टरांनी कपाटातून खोकं काढलं. त्यावर पूजेची कुंकवाची बोटं अजून ताजी होती. आत ट्रान्झिस्टरएवढा डबा, डब्याला वायर, वायरीच्या टोकाला जाड पेनासारखी कांडी. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, कारण मी विचारल्याशिवाय राहत नाही. कांडीतून आपल्याला ऐकू न येणारा आवाज अंगात जातो, वाहत्या रक्तावर आपटून परत येतो, आणि डबा त्याचा ऐकू येणारा आवाज करतो. पोटावर ठेवली तर बाळाचे ठोके ऐकू येतात, पायावर ठेवली तर शिरेतलं रक्त. रक्त वाहत असेल तर शूं-शूं वाजतं. वाहत नसेल तर डबा गप्प.

डॉक्टरांनी बटण दाबलं. डबा गप्प!

चिमाबाई काकूंनी हंबरडा फोडला. "मेला! मना नवराना पाय मेला!"

"अहो बाई, अजून पायाला लावलंच नाही!" सिस्टर ओरडल्या. "बॅटरीच नाही त्यात."

स्टोअरकीपर सुकदेवला बोलावलं. हा माणूस किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून असा चालतो, जणू देवीची पालखी निघाली आहे.

"बॅटरीचं मागणीपत्र गेलंय," सुकदेव म्हणाला.

"कधी?"

"यंत्र आलं त्याच दिवशी."

"आणि यंत्र कधी आलं?"

"मागच्या वर्षी."

साहेब, हे नीट वाचा. यंत्र आलं, फीत कापली, पेढे वाटले, तुमचं भाषण झालं. बॅटरी कुणी पाठवली नाही. कांडी आणि कातडीमध्ये लावायचं ते थंड जेल एकच बाटली आलं होतं, आणि ते समारंभाच्या पाहुण्यांनी हाताला लावायचं सुगंधी मलम समजून चोळून संपवलं. सुकदेवच सांगतो, "साहेबांनी तर मानेलाही लावलं." ती मान कुणाची, हे तुम्हाला ठाऊक आहे!

डॉक्टर म्हणाले, "पुढच्या गुरुवारपर्यंत काही करून चालू करा." आणि गेले.

बाहेर आल्यावर आप्पा मला म्हणाले, "वाल्मिका, गेटवर एक पायना वॉचमन कोण ठेवी रे?" हसत म्हणाले, पण विडी पेटवायला तीन काड्या लागल्या.

तिथेच मी जाहीर केलं, "आप्पा, सोमवारी माझी सुट्टी आहे. यंत्र मी चालू करतो!"

रविवारी रात्रपाळी संपवून निघताना मी कारखान्यातल्या मल्टिमीटरची चौकोनी बॅटरी काढून खिशात टाकली. एक दिवसासाठी. उसनी. सोमवारी सकाळी सिस्टरांच्या देखत ती डब्यात बसवली, गंजलेली पट्टी पॉलिश पेपरने घासली, बटण दाबलं, आणि डबा खसखसायला लागला! रेडिओवर स्टेशन लागत नसताना येते तशी खसखस.

"भाऊ, तुम्ही तर कमाल केलीत!" सिस्टर म्हणाल्या.

झालं! आधीच मोठा असलेला कान आणखी वीतभर वाढला.

जेलच्या जागी सिस्टरांनी तवकिराची पातळ खळ सांगितली होती. सरिताने ती स्टीलच्या डब्यात करून दिली होती. वाटेत आप्पांनी ती न्याहारी समजून अर्धी पिऊन टाकली. "मीठ नही टाकं सरितानी," एवढीच त्यांची तक्रार. उरलेली पायाला पुरेशी होती. सिस्टर कांडी हातात घेणार, इतक्यात आतल्या खोलीतून दाई ओरडली, "सिस्टर, डोकं दिसायला लागलं!"

सिस्टर धावल्या. दारातून मागे वळून म्हणाल्या, "हात लावू नका! मी आलेच."

वाचकहो, आता खरं सांगा. चालू मशीन समोर आहे, फिटर बाजूला उभा आहे, आणि त्याला कुणी सांगतं की हात लावू नका. काय होणार?

मी आप्पांच्या पावलावर खळ ओतली. कांडी मुठीत धरली, अंगठा मागे टेकवला, पाय पक्का रोवला आणि अंगाचा सगळा भार टाकून दाबलं.

"आरे, आरे!" आप्पा कळवळले. "पाय शे तो! मशीन नही!"

"हलू नका आप्पा. आवाज येईना."

"दाबू नको इतका!"

"दाबल्याशिवाय कसं ऐकू येईल?"

मी आणखी दाबलं. नुसती खसखस, बाकी डबा गप्प. घोट्यामागे दाबलं. गप्प. दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे, सगळीकडे दाबून पाहिलं. मेलेल्या मोटरसारखी शांतता!

आता मी काही कच्चा कारागीर नाही. मीटर खोटं बोलत नाही ना, हे आधी तपासतो. म्हणून कांडी माझ्याच मनगटावर नुसती टेकवून पाहिली. डब्यातून आवाज आला: शूं-हुश्श, शूं-हुश्श! घोडा दौडत निघाल्यासारखा. म्हणजे यंत्र ठीक. म्हणजे...

"आप्पा," मी हळू आवाजात म्हणालो, "बेअरिंग गेलं."

पायावरची खळ आप्पांनी धोतराच्या टोकाने पुसली. सिस्टर आत बाळंतपणात अडकलेल्या. थांबून करायचं काय? निकाल तर लागला होता. मी आप्पांना सायकलवर मागे बसवलं आणि परत निघालो.

आमच्या चाळीतला झुंबर त्या वेळी खोकल्याच्या औषधाच्या रांगेत उभा होता. त्याने सगळं ऐकलं. झुंबरला काही सांगणं आणि कारखान्याचा भोंगा वाजवणं एकच. फरक इतकाच की भोंगा पाळीला एकदा वाजतो. आम्ही पोचायच्या आत तो चाळीत पोचला होता. दारात बायका उभ्या, चिमाबाई काकू मधोमध बसलेल्या, आणि सरिता माझ्याकडे असं बघत होती, जणू मी पायच कापून आणलाय.

"डॉक्टरांनी सांगितलं?" तिने विचारलं.

"डॉक्टर कशाला हवेत? मी स्वतः ऐकलं."

"काय ऐकलं?"

"काहीच नाही."

"काहीच ऐकलं नाही, आणि एवढं सांगत सुटलात?"

तिला मशिनरीतलं काय कळतं, असं मी मनात म्हणालो. मनातच म्हणालो, कारण हातात लाटणं होतं. तिच्या.

एकदा सिस्टरांना विचारून यावं, असं ती दोनदा म्हणाली. पण मंगळवार-बुधवार सिस्टर लसीकरणाला दुधनीच्या बाजूला असतात. विचारणार कुणाला? आणि खरं सांगायचं तर मला विचारायचंच नव्हतं.

मंगळवारी कारखान्यात वेगळाच गोंधळ. इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर घेऊन वायरी तपासल्या, तर एकूण एक वायर तुटलेली निघाली! पॅनेलची तुटलेली, मोटरची तुटलेली, नवीन बंडलातली न वापरलेली वायरसुद्धा तुटलेली! चार मशीनं बंद ठेवली, शिफ्ट इंजिनिअर अविनाशसाहेब घाम पुसत उभे. तेव्हा कुणीतरी मीटर मागून उघडला. आत बॅटरीच्या जागी रिकामा खड्डा. माझ्याकडे कुणी बघायच्या आत मी ग्रीस आणायला गेलो, तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत आलो नाही. मीटर मुका असला म्हणून वायर तुटलेली नसते, हे त्या दिवशी सगळ्या कारखान्याला कळलं. मलाही कळलं. पण वायरीपुरतंच!

इकडे चाळीत आप्पांच्या पायाला भेटायला माणसं येत होती. पायाला! आप्पांकडे कुणी बघत नव्हतं. यायचं, पायाकडे बघायचं, च्च करायचं, चहा प्यायचा. झुंबरने पॅकिंगच्या फळ्यांची कुबडी करून आणली. तिच्यावर मालाची वरची बाजू कोणती ते दाखवणारा बाण छापलेला होता आणि तो जमिनीकडे होता. उंची झुंबरने स्वतःच्या मापाने घेतली होती. आप्पांनी ती बगलेत घेतली तर आप्पाच लटकले.

संध्याकाळी अथालहून ठेकेदाराचा माणूस आला. "चाचा, एक टांग पे गेट कैसे खोलोगे? आप आराम करो," म्हणाला, आणि शिटी, टॉर्च, टोपी मागून घेऊन गेला. आप्पांनी शिटी देताना ती बनियनला पुसून दिली. अकरा वर्षं त्या शिटीवर ट्रक थांबले होते.

चिमाबाई काकूंनी एसटीडी बूथवरून गावाला फोन केला होता. बुधवारी दुपारी त्यांचे भाऊ भिका मामा आणखी पाच जणांना घेऊन उतरले. मामा आले ते थेट मुद्द्यावर.

"पाय गावले न्यायचा," ते म्हणाले. "वाडवडिलांच्या जागेत."

"आप्पांना न्यायचंय ना?" मी विचारलं.

"त्याला तर नेऊच. पायाचं बोलतोय मी. हॉस्पिटलवाले टाकतील कुठेबी. माणसाचा पाय आहे, शेळीचा नाही."

"पण मामा, नेणार कसा?" झुंबर मधे पडला.

"एसटीनं."

"कंडक्टर विचारील, पिशवीत काय आहे."

"पाय शे, सांगू."

"तिकीट?"

सगळे विचारात पडले. झुंबर एके काळी एसटी डेपोत गाड्या धुवायला होता, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द शेवटचा. त्याने डोकं खाजवलं. "बारा वर्षांखालचा असता तर अर्धं लागलं असतं. पण पाय छप्पन वर्षांचा आहे. पूर्णच लागेल!"

"आणि दहावं करायचं का?" मामांबरोबरच्या एकाने विचारलं.

"माणूस जिता असताना दहावं?"

"माणसाचं नाही, पायाचं!"

"मग मुंडण कोण करील?"

"अहो, जरा हळू!" सरिता ओरडली. "आप्पा ऐकतायत!"

आप्पा उंबऱ्यावर बसले होते. पाय पुढे पसरलेला, आणि त्यावरच्या माश्या ते हाताने उडवत होते, हळूहळू, जणू झोपलेल्या नातवावरच्या. मी जवळ जाऊन बसलो.

"वाल्मिका," ते म्हणाले, "सिल्वासाले मना दोन्ही पाय संगेच उनात रे. आते एकले सोडीसन कसा जाऊ?"

बरोबर आले, बरोबरच जायला हवेत, एवढंच त्यांचं म्हणणं. मला पहिल्यांदा वाटलं, आपण चुकलो असलो तर बरं. आयुष्यात आपला कान चुकावा असं मला कधी वाटलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी आम्ही अकरा जण दवाखान्यात गेलो. सोबत कुबडी, गावाला न्यायच्या पेट्या आणि भिका मामांनी पायासाठी आणलेलं कोरं फडकं. डॉक्टर उभेच राहिले.

"ही वरात कसली?"

"डॉक्टरसाहेब, पाय कुठं मिळंल?" मामांनी हात जोडून विचारलं.

"कसला पाय?"

"कापलेला."

"कुणी कापला?"

"अजून नाही. तुम्ही कापणार ना?"

"मी कधी म्हणालो? पाय कापायचा म्हणून तुम्हाला सांगितलं कुणी?"

दहा बोटं माझ्याकडे वळली. खरं म्हणजे अकरा, कारण काकूंनी दोन्ही हात वापरले.

सिस्टर कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आल्या. "मी हात लावू नका म्हटलं होतं ना?"

"मी तपासलं सिस्टर. नीट तपासलं. डबा गप्प होता."

"दाखवा कसं तपासलं," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

दाखवलं. सिस्टरांनी करून ठेवलेली खळ ओतली, कांडी मुठीत धरली, पाय रोवला आणि दाबलं. आप्पा "अग्गाई" म्हणाले. डबा गप्प. मी विजयाने सगळ्यांकडे बघितलं आणि मग लक्षात आलं की हा विजय कुणालाच नको आहे.

"व्हा बाजूला," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी कांडी पेनासारखी तीन बोटांत धरली. थोडी तिरपी केली. आणि पावलावर अशी टेकवली की दुधाच्या सायीला बोट लागावं आणि साय फाटू नये. नुसती खसखस आली. त्यांनी कांडी केसभर सरकवली. पुन्हा खसखस. आणखी केसभर.

शूं... शूं... शूं...

आवाज काही माझ्या मनगटासारखा दौडत नव्हता. लांबून कुणी दमलेला माणूस सायकलला पंप मारतोय, तसा. पण येत होता! थांबत नव्हता!

"हे काय?" आप्पांनी विचारलं.

"तुमचं रक्त, आप्पा," सिस्टर म्हणाल्या. "चाललंय खाली."

"मनं शे?"

"मग काय माझं?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "पाण्याची रबरी नळी बुटाखाली दाबून धरली आणि पाणी येत नाही म्हणालात, तर चूक कुणाची? शीर कातडीच्या लगेच खाली असते. तुम्ही दाबून तीच बंद केलीत. रक्त थांबलं, डबा गप्प."

"म्हणजे मी जेवढं दाबलं..."

"तेवढं कमी ऐकू आलं."

वाचकहो, तीस वर्षं दाबून ऐकण्यावर माझं पोट भरलंय. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी खाली जाऊन तिचंही बेअरिंग तपासलं नसतं.

डॉक्टरांनी मग रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधून आकडा घेतला, नंतर घोट्याच्या वर बांधला. पट्टा फुगवला तशी शूं-शूं थांबली, हवा सोडली तशी परत आली. परत आली तो आकडा त्यांनी लिहिला. दंडाला एकशे चाळीस, घोट्याला शंभर.

"सारखे असायला हवेत. शीर आतून बारीक झाली आहे," ते म्हणाले. "पण एवढ्यावर जखम भरेल. विडी आजपासून बंद. ड्रेसिंग रोज. आणि दीड महिन्याने पुन्हा या यंत्राने मोजायचं. घोट्याचा आकडा खाली गेलेला दिसला तर त्याच दिवशी वापीला माझ्याकडे आणा. उशीर केला तर मग मात्र पाय माझ्याही हातात राहणार नाही. बोटांनी हे कळत नाही, लक्षात ठेवा."

आप्पांनी कानावरची विडी काढून टेबलावर ठेवली. मग पायाकडे बघून खुदकन हसले. काकू रडत होत्या, पण आता वेगळ्या सुरात. फक्त भिका मामांचा चेहरा उतरला होता. "म्हणजे न्यायचं काहीच नाही?" हातातल्या फडक्याकडे बघत ते म्हणाले. "मग आम्ही सहा माणसं आलो कशाला?"

इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं! पण झुंबरने चप्पल काढली.

"सिस्टर, माझाही पाय ऐकवा ना."

"मनाबी!" काकू म्हणाल्या.

मामांच्या पाचही जणांनी धोतरं वर घेतली. औषधाच्या रांगेतली माणसं आत घुसली. कुणी पाय, कुणी मनगट, एकाने गळा पुढे केला. एक गरोदर बाई तपासणीला आली होती. सिस्टरांनी सगळ्यांना ढकलून आधी तिला घेतलं. तिच्या पोटातून असा भरभर आवाज निघाला, जणू छोटी मोटर फुल स्पीडला! ती बाई लाजली, आणि त्यानंतर आठ पाय आणखी ऐकून झाल्यावर बॅटरी संपली.

सुकदेव दारात उभा राहून हे सगळं लिहून घेत होता. त्याच संध्याकाळी त्याचा अहवाल तुमच्याकडे गेला, साहेब. बॅटरीचं मागणीपत्र तुमच्यापर्यंत यायला वर्ष पुरलं नाही, अहवाल मात्र एका रात्रीत पोचला! तिसऱ्या दिवशी जीप आली, आणि यंत्र 'पडताळणीसाठी' तुमच्या मुख्य भांडारात गेलं.

तर हा माझा खुलासा. हो, मी हात लावला. हो, सिस्टरांनी नको म्हटलं असताना लावला. घबराट मीच पसरवली, झुंबरने फक्त वाटली. सिस्टरांचा यात काडीचा दोष नाही. हवं तर माझ्यावर खटला भरा, मी आजवर मशीनंसुद्धा न भिता उघडली आहेत, कोर्टाला काय भिऊ!

आप्पा परत गेटवर लागले आहेत. त्यांना परत घ्या म्हणून अविनाशसाहेबांनी अथालच्या ठेकेदाराकडे ओळखीने शब्द टाकला, आणि मीटरच्या बॅटरीबद्दल मला एक अक्षर विचारलं नाही, हे मला जास्त लागलं. जखम अर्ध्याहून जास्त भरली. विडी सुटली, बडीशेप लागली. पण परवापासून रात्री पोटरीत गोळा येतो म्हणतात. सिस्टरांनी बोटांनी पाहिलं. सूज उतरली तरी नाडी बोटांना लागत नाही. दीड महिना या गुरुवारी पुरा होतो. डॉक्टर येणार, पट्टा येणार, सरिता खळ करून देणार, बॅटरी यावेळी मी दुकानातून रीतसर विकत आणली आहे. मी स्वतः दोन्ही हात पाठीमागे बांधून भिंतीकडे तोंड करून उभा राहीन, असं सिस्टरांना लिहून दिलंय. त्यांनी खाली साक्षीदार म्हणून सरिताची सही घेतली.

आता तुमची पाळी. आप्पा गुरुवारी गेटवरची पाळी संपवून सकाळी आठ वाजता अथालहून चालत येतील. त्या वेळी ते यंत्र दवाखान्याच्या टेबलावर असेल की तुमच्या भांडारात?

मोठं पत्र नको. शिक्काही नको. एका शब्दात उत्तर द्या, साहेब!